अरुंद दिसलेली धावपट्टी

विमानात बसायची मला पहिल्यापासून भीती. नोकरीच्या मुलाखतीत कुणी त्याबद्दल विचारलं नाही, आणि सांगायची गरज मलाही वाटली नाही, कारण काम सगळं संगणकावरचं होतं. पुण्यात, एका छोट्या कंपनीत. खुर्चीत बसून विमानाबद्दल विचार करायला काय भ्यायचं?

काम असं होतं. उपग्रहाचा सिग्नल गेला, तर आपण कुठं आहोत हे कळायला विमानाला दुसरा आधार लागतो. आमचा आधार म्हणजे विमानाच्या नाकाखाली बसवलेला कॅमेरा. तो समोरची धावपट्टी शोधतो, तिच्या कडा आणि कोपरे पकडतो. धावपट्टीची खरी रुंदी आधीच भरून ठेवलेली असते. त्यामुळं ती चित्रात केवढी दिसते यावरून विमान किती लांब आणि किती उंच आहे याचा हिशोब लागतो. समोरून येणारा ट्रक केवढा दिसतो यावरून तो किती लांब आहे हे आपण ओळखतो, तसंच. मोजायचं काम माझ्याकडं नव्हतं, ते इतर करायचे. मोजलेलं खरं आहे की खोटं, हे ओळखणारा भाग माझा. कॅमेरा फसला तर तो फसलाय हे प्रोग्रामला वेळेत कळलं पाहिजे, एवढीच माझी जबाबदारी. ऑफिसात मला गमतीनं संशयखातं म्हणायचे.

मग चाचण्या सुरू करायची वेळ आली आणि जागा मिळाली ती माझ्याच जालना जिल्ह्यात. जाफराबादकडच्या माळावर एका खासगी मालकाची जुनी धावपट्टी होती, कधीकाळी फवारणीच्या विमानांसाठी बांधलेली. कुंपण नाही, आजूबाजूला कपाशी, मका, सोयाबीन. माणसं कमी, आकाश मोकळं. मी परतूरची, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. म्हणाले, "तुम्हाला तिथली भाषा येते, आणि घरचंही होईल." विमानात माझ्या प्रोग्रामवर लक्ष ठेवायला कुणीतरी बसावं लागेल आणि ते कुणीतरी मीच असेन, हे जालन्याला पोचल्यावर कळलं.

आम्ही तिघं होतो. कॅप्टन, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले पायलट, मूळचे नाशिकचे, हळू बोलणारे. दुसरा माझा सहकारी, तो जमिनीवर जीप आणि वायरलेस घेऊन थांबायचा. आणि मी, कॅप्टनच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. विमान चार जणांचं, पंख वरच्या बाजूला, दार एखाद्या जुन्या मारुतीसारखं हलकं. पहिल्या दिवशी ते दार मी तीनदा ओढून बघितलं.

"लागलंय ते," कॅप्टन म्हणाले.

"हो," मी म्हणाले आणि चौथ्यांदा ओढलं.

भीती वाटते म्हणजे काय होतं, तर माझ्या तळहातांना घाम यायचा आणि कीबोर्डवरची बोटं घसरायची. विमान वळताना खालची शेतं तिरकी व्हायची, तेव्हा मी स्क्रीन सोडून कुठंच बघायची नाही. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र, खाली रंगीत ठिपक्यांची ओळ. एकेका उपकरणाला एकेक ठिपका. हिरवा म्हणजे याचं ऐकायला हरकत नाही, लाल म्हणजे याचं ऐकू नका. ते ठिपके कसे ठरतात हे मी स्वतः लिहिलेलं. म्हणून खरं तर मला धीर यायला हवा होता. उलट व्हायचं. तो प्रोग्राम कुठं कुठं कच्चा आहे, हेही मलाच ठाऊक होतं.

आमचा मुक्काम जुन्या जालन्यात, धान्याच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. तिथून सकाळी जीपनं माळावर जायचं. सुट्टीच्या दिवशी मी रेल्वेनं परतूरला गेले, तेव्हा आईला सरळ सांगून टाकलं की मी विमानात बसतेय.

आई वांगी चिरत होती. विळीवरचा हात थांबला.

"तू काहून बसतीस त्यात? तुझं काम कंपुटरचं हाये ना?"

"कंपुटर विमानात आहे, आई."

"मंग कंपुटरला पाठवायचं. तू खाली थांबायचं."

"असं नसतं गं."

"तुला लहानपणी पाळण्यात बसवलं की तू वकायचीस. जत्रेत समद्यांचे कपडे खराब केल्ते तू." ती परत वांगी चिरायला लागली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "विमान चालवणारा मानूस बराबर हाये ना?"

"चांगले आहेत. शांत आहेत."

"शांत हाये म्हंजे बिलकुल चांगलं. घाई करणाऱ्याच्या गाडीत बसू नये."

निघताना तिनं धपाट्यांचा डबा दिला, पायलटसाठी वेगळा.

सुरुवातीची उड्डाणं बरी गेली. कॅमेऱ्याची उंची आणि विमानातल्या उंचीमापकाची उंची जवळजवळ जुळायची. हा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. दिवस वर चढला, हवा तापली, की दाब बदलतो आणि तो थोडा थोडा सरकत जातो. ते प्रोग्रामलाही दिसत होतं. म्हणून आम्ही त्याचं वजन कमी केलं, म्हणजे दोघांत मतभेद झाला तर कॅमेऱ्याचं जास्त ऐकायचं. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलेला होता, आणि तोवरच्या आकड्यांकडं बघता बरोबरही होता.

दिवाळीनंतरची सकाळ होती ती. धावपट्टीवर विरळ धुकं होतं, आणि कुणीतरी सोयाबीनचं भुसकट पेटवल्यामुळं त्यात धूर मिसळलेला. कॅप्टननी आकाशाकडं बघितलं, सहकाऱ्याशी बोलले, आणि थोडं थांबून मग निघू म्हणाले. धुकं पातळ झाल्यावर सहकारी जीप घेऊन धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला. पट्टी मोकळी होती. आम्ही उडालो.

त्या दिवशी उपग्रहाची माहिती मुद्दाम बंद ठेवायची होती आणि कॅप्टननी उतरताना आमच्या पडद्यावरच्या सुईमागं जायचं होतं. सुई वर सरकली तर आपण वाटेच्या वर आहोत, अजून खाली या. खाली सरकली तर वर घ्या. मात्र एका ठरावीक उंचीच्या खाली सुईवर विसंबायचं नाही, तिथून पुढं डोळ्यांनी बघून उतरायचं किंवा परत वर जायचं, असं पक्कं ठरलेलं होतं. मला ते सुरक्षित वाटलं होतं. त्या ठरावीक उंचीवर आपण पोचलो की नाही हे आपल्याला कोण सांगणार, हा प्रश्न मला जमिनीवर कधी पडला नाही.

जाफराबादच्या बाजूनं मोठा फेरा मारून आम्ही परत आलो. आम्ही वर असताना धुकं पातळ होण्याऐवजी पुन्हा दाटलं होतं. वरून मात्र धावपट्टी दिसत होती, दुधात बुडवलेल्या फितीसारखी. तिचं लांबचं टोक धुक्यात गेलेलं, जवळचं टोक स्पष्ट. कॅमेऱ्यानं ते पकडलं, चौकट काढली, ठिपका हिरवा झाला.

"घेतो खाली," कॅप्टन म्हणाले.

सुई वर सरकली. आपण उंच आहोत. त्यांनी विमान आणखी खाली घेतलं. सुई वरच राहिली. त्यांनी आणखी खाली घेतलं.

तेवढ्यात खालच्या ओळीत एक ठिपका लाल झाला. कॅमेऱ्याचा नव्हे, उंचीमापकाचा.

माझ्या प्रोग्रामनं चूक पकडली होती. तो सांगत होता की दोन उपकरणं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यातला उंचीमापक खोटा आहे, त्याला मी बाजूला काढतो. इतके महिने मी ज्यासाठी खपले ते हेच. आणि तरी तो लाल ठिपका मला पटेना. कारण फरक मोठा होता. हवा तापून उंचीमापक सरकतो, पण हळूहळू. सकाळच्या गारव्यात, एवढ्याशा वेळात, एवढा?

"मॅडम," हेडफोनमध्ये कॅप्टनचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश. "तुमचा पडदा म्हणतोय मी उंच आहे. माझा उंचीमापक म्हणतोय मी खाली आहे. काय समजू?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. हिरवा ठिपका माझ्यासमोर होता. बाहेर सगळं पांढरं. मी पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढून खिडकीतून खाली बघितलं, आणि धुक्यातून कपाशीची झाडं दिसली. शेत दिसलं असं नाही, झाडं दिसली. एकेक बोंड वेगळं दिसत होतं.

"वर!" मी किंचाळले. "वर घ्या, वर घ्या!"

माझा शब्द पुरा व्हायच्या आत त्यांचा हात पुढं गेला होता. इंजिन गरजलं, सीटनं मला पाठीत दाबलं. समोर एक बाभळ धुक्यातून काळी होत आली आणि चाकाखालून गेली. ती चाकाला लागली की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. लागली नाही, असं कॅप्टन म्हणाले.

वर स्वच्छ ऊन होतं. इतकं ऊन की मला रडू आलं. कॅप्टनच्या कानामागून घामाचा एक थेंब मानेवर उतरत होता, तो मी बघत राहिले. शांत माणसालाही भीती वाटते हे बघून माझी भीती दुप्पट झाली.

आता उतरायचं कसं? हाच प्रश्न डोक्यात घणासारखा आपटत होता. इंधन भरपूर होतं, कॅप्टननी ते मला दोनदा सांगितलं, तरी मी काट्याकडं बघत राहिले. मी आमचा पडदा बंद केला. "मी याच्यावर विश्वास ठेवू शकत नाही," मी म्हणाले.

"ठीक. धुकं उठू द्या. आपण फिरत राहू."

आम्ही फिरत राहिलो. किती वेळ, ते कळलं नाही. ऊन चढलं तसं धुक्याला भोकं पडत गेली. मग कॅप्टननी धावपट्टीच्या बाजूनं, तिच्यावर न जाता, एक फेरा मारला, आणि म्हणाले, "ते पिवळं काय आहे?"

पट्टीच्या जवळच्या टोकाला दोन्ही कडांनी पिवळे पट्टे होते. लांबच लांब. आणि त्या पिवळ्यात माणसं. दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या हातात लाकडी फावडं. दोघी वर बघत होत्या.

मका. कुणीतरी धावपट्टीवर मका वाळत घातला होता.

मला तेव्हाच सगळं कळलं. कॅमेऱ्यानं पट्टीच्या कडा शोधल्या होत्या आणि त्याला मक्याच्या आतल्या कडा सापडल्या. पट्टी होती त्यापेक्षा अरुंद दिसली. जी वस्तू लहान दिसते ती लांब असते, म्हणून आपण लांब आहोत, उंच आहोत, असा त्यानं हिशोब केला. दोन्ही बाजूंचे पट्टे सारखेच, त्यामुळं डावी कड उजवीची साक्ष देत होती. लांबच्या टोकानं कदाचित खोटं उघडं पाडलं असतं, पण ते धुक्यात होतं. हे सगळं कळलं आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं: सुईमागं जात राहिलो असतो तर पट्टीच्या अलीकडं कपाशीत पडलो असतो, किंवा थोडं पुढं गेलो असतो तर या दोघी.

कॅप्टननी वायरलेसवर सहकाऱ्याला सांगितलं. तो दुसऱ्या टोकाला जीपपाशी होता, त्याला धुक्यात काहीच दिसलं नव्हतं. जीप धुरळा उडवत पट्टीच्या कडेनं धावताना आम्हाला वरून दिसली. बायका बाजूला झाल्या, शेताच्या बांधावर जाऊन बसल्या. मका गोळा करायला वेळ लागला असता, पण मधली पट्टी पुरेशी होती. कॅप्टन डोळ्यांनी बघत उतरले. चाकं टेकली तेव्हा मी डोळे मिटलेले होते.

मी खाली उतरले आणि तिथंच, चाकाशेजारी, डांबरावर बसले. त्या दोघींपैकी मोठी बाई चालत आली. साठीची असेल, पदर कमरेला खोचलेला.

"माय, आम्ही बघितलं की विमान गेलं," ती म्हणाली. "समोरून गेलं. आम्ही म्हनलं, गेलं आता, संध्याकाळलाच येईल. मंग ट्रॉली आणली न् टाकला मका. दर साली टाकतो इथं. कुणी न्हाई बोलत."

"तुम्हाला आवाज नाही आला?"

"आल्ता ना! आवाज आल्ता, पर दिसंना कुठून येऊन राह्यलं. माझी जाऊ म्हनली पळा. मी म्हनलं, कोन्या अंगाला पळू? दिसंल तर पळंल ना मानूस." तिनं तोंडावरून हात फिरवला. "मी खालीच बसले फावडं डोक्यावर घिऊन."

तिची जाऊ बांधावरून उठलीच नव्हती. सहकारी तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन गेला. मोठी बाई माझ्याशेजारी टेकली. दिवाळीहून परतताना आईनं पुन्हा दिलेला डबा मी उघडला, त्या बाईनं अर्धं धपाटं घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. मलाही खाववलं नाही.

दुपारी जुन्या जालन्यात परतल्यावर मी ते चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. खाली दुकानात पोती उतरवण्याचा आवाज चालला होता, बाहेर रिक्षांचे हॉर्न. स्क्रीनवर तीच पांढरी फीत, तोच हिरवा ठिपका, मग तोच लाल. प्रत्येक वेळी तिथं वाटायचं, या खेपेला कॅप्टन इंजिन वाढवणार नाहीत. चुकीचं गणित कुठंच नव्हतं. प्रोग्रामला दोघांतला एक खोटा ठरवायला मी शिकवलं होतं, आणि त्यानं एक ठरवला. कुणावर जास्त विश्वास ठेवायचा ते आम्हीच आधी सांगून ठेवलं होतं. ज्याचं ऐकायचं नाही म्हणून सांगितलं, तोच खरं बोलत होता.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. मी म्हणाले, जमिनीजवळ दोन उपकरणं एवढी फारकत घेत असतील आणि तिसरा साक्षीदार नसेल, तर प्रोग्रामनं कुणालाही खोटं ठरवायचं नाही. सगळे ठिपके लाल करायचे आणि पायलटला सांगायचं, मला माहीत नाही, वर जा.

"असं दर वेळी माहीत नाही म्हणणारं यंत्र कोण घेईल?" साहेब म्हणाले.

"दर वेळी नाही म्हणणार."

"पण किती वेळा?"

"ते मोजून सांगते," मी म्हणाले. "सर, मी त्यात बसले होते."

मग ते म्हणाले, "लिहा. आणि पुन्हा उडवून दाखवा."

पुन्हा उडवून. मी हे स्वतःच मागितलं होतं.

बदल करायला काही आठवडे गेले. कॅमेऱ्यानं काढलेली रुंदी आणि विमानाच्या वेगावरून अपेक्षित असलेली रुंदी यांची सतत तुलना होईल असं केलं. विमान ठरावीक वेगानं जवळ येत असेल तर पट्टी ठरावीक गतीनं मोठी व्हायला हवी. तशी होत नसेल तर रुंदीचा आकडाच संशयास्पद. मक्याच्या चाचणीसाठी मका नको, म्हणून पिवळ्या ताडपत्र्या आणल्या आणि त्या मोठ्या बाईला आणि तिच्या जावेलाच विचारलं, अंथरायला याल का म्हणून. "येतो, पर विमान यायच्या आधी आम्ही घरी," ती म्हणाली. या खेपेला सहकारी स्वतः त्या टोकाला थांबला, आणि धुकं नसताना उडायचं ठरलं.

विमानात चढताना मी पायरीवरच अडले, तेव्हा कॅप्टननी हात दिला. "नाही आलात तरी चालेल," ते म्हणाले. "मी बघून सांगीन."

"नाही, मीच बघणार."

विमान खाली येऊ लागलं. ताडपत्र्या पिवळ्या दिसल्या. कॅमेऱ्यानं पट्टी पकडली. ठिपका हिरवा. मी ओठ इतका चावला होता की तोंडात रक्ताची चव आली. हिरवाच. सुई वर सरकायला लागली, तीच चाल, तीच लबाडी. कॅप्टन सुईमागं जात नव्हते, नजर बाहेर होती, तरी माझ्या अंगावर तीच बाभळ धावून येत होती. मग एकेक करत ओळ लाल झाली. सगळी. पडद्यावर मी लिहिलेली ओळ आली, वर जा.

कॅप्टन वर गेले. "बोललं तुमचं यंत्र," ते म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, कारण मी पिशवीत ओकत होते.

तशी आम्ही अनेक उड्डाणं केली, ताडपत्र्या कमी-जास्त करून, एकाच बाजूला टाकून, वाकड्या टाकून. दोनदा प्रोग्राम उगीचच घाबरला, पट्टी मोकळी असताना वर जा म्हणाला. ते मी साहेबांना जसंच्या तसं कळवलं. त्यांनी ते मान्य केलं, कुरकुरत का होईना.

मग एक दिवस सहकारी म्हणाला, आता मी बसतो, तू खाली थांब. मी लगेच हो म्हणाले. वाटलं, सुटले. जीपच्या टपाला टेकून वायरलेस हातात घेतला, आणि विमान माळापलीकडं गेलं. आवाज विरत गेला. मग परत येऊ लागला. मला ते दिसत नव्हतं, सूर्याच्या बाजूनं येत होतं. आत बसले असताना माझ्यासमोर निदान ठिपके असायचे. इथं काहीच नव्हतं, नुसता आवाज, आणि त्या आवाजात बसलेली दोन माणसं, जी मी लिहिलेल्या ओळींवर भरवसा ठेवून खाली येत होती. इतकी भीती मला वरसुद्धा कधी वाटली नव्हती. वायरलेसचं बटण दाबून "वर घ्या" म्हणावं, काहीही कारण नसताना, असं वाटत राहिलं. अंगठा बटणावरच होता.

विमान उन्हातून बाहेर आलं, टेकलं, धावलं, थांबलं. सहकारी उतरला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळं हिरवं होतं." तो जीपच्या पायरीवर बसला. "तू एवढे दिवस कशी बसलीस गं त्यात?"

मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी बसले.